दुरुस्तीची दुरुस्ती

पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठांतील वाडे जसजसे पाडले गेले आणि त्यांतली बिऱ्हाडे सिंहगड रस्त्याने सरकत सरकत वडगाव, नऱ्हे, धायरी या गावांतल्या नव्या इमारतींत येऊन स्थिरावली, तसतशी त्यांच्या सामानसुमानाबरोबर एक लाकडी पेटीही या भागात दाखल झाली. जुन्या घरात तिला माजघराच्या फळीवर मानाची जागा होती. नव्या घरात माळा किंवा टीव्हीखालचा कप्पा यापलीकडे तिची सोय लागत नाही. ही पेटी म्हणजे व्हॉल्व्हचा रेडिओ. पुढे कधीतरी दिवाळीच्या साफसफाईत ती खाली उतरते, घरातल्या नातवाला आजोबांचा रेडिओ बोलता करण्याची इच्छा होते, आणि विचारपूस करीत तो ज्या मोजक्या माणसांपाशी येऊन पोहोचतो त्यांत धायरीत राहणारा, पोटासाठी नव्हे पण हौसेने हे काम करणारा प्रस्तुत लेखकही एक आहे.

सेट टेबलावर ठेवतानाचे त्याचे वाक्य बहुधा ठरलेले असते : "काका, नुसता बंद पडलाय, आत कोणी हात लावलेला नाही." यातला पूर्वार्ध नेहमीच खरा असतो, उत्तरार्ध क्वचित. बोलणारा खोटे बोलत नसतो, कारण ज्यांनी हात लावला ते मेकॅनिक आणि ज्यांनी तो लावू दिला ते आजोबा, दोघेही त्याच्या जन्मापूर्वीच्या काळातले. तीस-पस्तीस वर्षांच्या चाकरीत हा सेट कितीदा उघडला गेला, कोणी काय काढले, काय बसविले आणि काय नुसते तारेने बांधून ठेवले, याचा दाखला घरातल्या कोणत्याही कागदावर नसतो. वीस फेरफार झालेले आणि तलाठ्याच्या दप्तरात एकाचीही नोंद नसलेले शेत विकत घेण्यासारखाच हा प्रकार असून, जुना रेडिओ दुरुस्त करणे म्हणजे प्राधान्याने हे नोंद नसलेले फेरफार हुडकून काढणे होय, असे माझे मत होत आले आहे. काळाने केलेले नुकसान सरळ असते : मेण वितळते, रबर तडकते, कागदात दमट हवा शिरते; त्याची जागा ठरलेली आणि उपायही ठरलेला. माणसाच्या हाताने झालेल्या नुकसानीचे तसे नाही. ती बहुधा दुसऱ्या एका दोषावर पांघरूण घालण्यासाठी झालेली असते, आणि पांघरूण काढल्यावाचून मूळ दुखणे दिसत नाही.

हे दुखणे समजण्यासाठी सेटची रचना थोडी ठाऊक असावी लागते, आणि ती वाटते तितकी गूढ नाही. आकाशवाणीचे पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झ या कंपनसंख्येवर, म्हणजे जुन्या डायलच्या भाषेत सुमारे ३७९ मीटरवर, आहे. आपण कळ फिरवून ते केंद्र लावतो तेव्हा सेटमधील एक लहानसा आंदोलक १२४७ किलोहर्ट्झची स्वतःची लहर निर्माण करीत असतो, आणि पहिल्या व्हॉल्व्हमध्ये या दोहोंचे मिश्रण होऊन त्यांच्यातील अंतराइतकी, म्हणजे ४५५ किलोहर्ट्झची, तिसरी लहर जन्माला येते. केंद्र कोणतेही लावा, हे अंतर कायम राहते. त्यामुळे पुढच्या साऱ्या मंडलांना एकाच कंपनसंख्येची उस्तवार करावी लागते. दुसरा व्हॉल्व्ह या मधल्या लहरीला बळ देतो, तिच्यातून ध्वनी वेगळा निघतो, शेवटचा व्हॉल्व्ह त्या ध्वनीला स्पीकरचा पडदा हलविण्याइतकी ताकद देतो, आणि आणखी एक व्हॉल्व्ह घरातल्या उलटसुलट विजेची एकदिश वीज करून बाकीच्यांना सुमारे दोनशे ते अडीचशे व्होल्टचा दाब पुरवितो. चार-पाच व्हॉल्व्ह, दोन-तीन डझन कंडेन्सर आणि रेझिस्टन्स, काही कॉइली, एक-दोन ट्रान्सफॉर्मर : एवढाच हा संसार. मात्र त्यातील प्रत्येक घटकाचे मूल्य दुसऱ्या घटकाकडे पाहून ठरविलेले असते, आणि एक बदलला की त्याचा भार कोणावर तरी पडतोच.

मग हे फेरफार झाले का, आणि इतके वाईट का झाले? नियमित नभोवाणी मुंबईत १९२७ साली सुरू झाली. पुण्याला स्वतःचे केंद्र मिळण्यास २ ऑक्टोबर १९५३ हा दिवस उजाडावा लागला. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, त्या केंद्रावरून माडगूळकर-फडक्यांचे 'गीतरामायण' सुरू झाले आणि वर्षभर आठवड्याला एक गीत याप्रमाणे चालले. ज्या घरी सेट होता त्या घरी त्या वेळी आळी जमत असे. अशा दिवसांत सेट मुका झाला तर त्याचा मालक मेकॅनिककडे जाऊन काय मागणार? 'मूळ नकाशाबरहुकूम दुरुस्ती करा' असे कोणी म्हणाल्याचे ऐकिवात नाही. 'पुढच्या गाण्यापूर्वी चालू करा' एवढीच मागणी असे, आणि मेकॅनिकचा मोबदलाही आवाज येण्यावरच अवलंबून असे. सुट्या भागांची टंचाई होती ती निराळीच. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह बनविण्यास १९६१ साली प्रारंभ केला. तोपर्यंत ते परदेशांतून यावयाचे, आणि आयातीवर सरकारी निर्बंध होते. फिलिप्सने पुण्याजवळ रेडिओचा कारखाना १९५९ साली काढला, मर्फीचा कारखाना ठाण्यास होता. पण कारखाना जवळ असला म्हणून बुधवार पेठेतल्या दुकानदाराकडे नेमका हवा तो भाग शिल्लक असेलच, याची शाश्वती नसे. जो भाग हाती होता तो बसला, आणि जो नव्हता त्याच्यावाचून चालविण्याची तजवीज झाली.

खेड्यांतली स्थिती याहून बिकट. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा एक प्रयोग केला, आणि ग्रामीण नभोवाणीच्या इतिहासात तो आजही उल्लेखिला जातो. वीज नसलेल्या गावातला सेट चालावयाचा कोरड्या बॅटरीवर, आणि त्या काळच्या बॅटरीच्या सेटना दोन निराळे दाब लागत : व्हॉल्व्हची तार तापविण्यास दीड व्होल्ट आणि बाकीच्या कामास सुमारे ९० व्होल्ट. घाईत किंवा अंधारात ९० व्होल्टची तार दीडच्या ठिकाणी लागली, की चारही व्हॉल्व्ह एका क्षणात जात. असा सेट तालुक्याला जाऊन परत येईपर्यंत हंगाम उलटून जाणार. म्हणून पुढच्या खेपेला कोणीतरी शहाणपणा करून मूळचा प्लग तोडून टाके आणि तारा हातानेच पिळून जोडी, म्हणजे पुढचा अपघात अधिकच सोपा होई.

ही गोष्ट केवळ आपल्या दारिद्र्याची नव्हे. अमेरिकेत पिनबॉल नावाचे एक नाण्यावर चालणारे यंत्र असे : काचेखाली उतरते टेबल, त्यावर पोलादी गोळी, आणि गोळीला परतविण्यासाठी विजेने उसळणारे पंखे, जे गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रावर १९४७ साली प्रथम आले. १९७०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत या यंत्रांतला सारा हिशेब कॉइली, रिले आणि पितळी पट्ट्यांवरचे शेकडो संपर्कबिंदू मिळून ठेवीत. ते यंत्र असे दारूच्या गुत्त्यात किंवा करमणुकीच्या दालनात, आणि त्याच्या मालकाला ते संध्याकाळच्या गिऱ्हाइकापूर्वी चालू हवे असे. साहजिकच तिथेही जळालेल्या फ्यूजऐवजी जाड फ्यूज बसला, संपर्कबिंदू भरड कानशीने घासून त्यांवरची चांदी नाहीशी झाली, आणि अडणाऱ्या रिलेला तारेच्या तुकड्याने कायमची बगल मिळाली. यंत्र चालू राहिले, मात्र त्यातला एक दिवा त्यानंतर कधीच लागला नाही. आज ही यंत्रे हौसेने जतन करणाऱ्यांचा बराचसा वेळ पूर्वीच्या दुरुस्त्या उलगडण्यात जातो. जगात कोठेही जा, दुरुस्तीची प्रत ही तिच्या मोबदल्याने आणि मुदतीने ठरते. कारागिराच्या कसबाचा क्रमांक त्यानंतरचा.

आता पुन्हा रेडिओकडे आणि त्याच्या पंचनाम्याकडे वळू. असा सेट हाती आल्यावर पहिला नियम असा, की तो विजेला जोडावयाचा नाही. 'चालतो का ते बघू' या कुतूहलापायी जितके ट्रान्सफॉर्मर जळाले असतील तितके वार्धक्याने खचित जळाले नसतील. पाठीचा पुठ्ठा काढावा, चेसिस, म्हणजे सारे भाग बसविलेला लोखंडी सांगाडा, बाहेर घ्यावी, ती उलटी करून ठेवावी आणि नुसते पाहत बसावे. कारखान्यात बसविलेला सांधा ओळखता येतो : तार पट्टीच्या छिद्रातून ओवून, वळसा देऊन मग सोल्डर केलेली असते, आणि सोल्डरला वयाची राखी झाक आलेली असते. नंतरच्या हाताने केलेला सांधा बहुधा नुसता टेकविलेला, फुगीर आणि चकचकीत असतो. कधी तो वरून चांगला दिसूनही आतून धरलेला नसतो. त्याला या धंद्यात 'ड्राय सोल्डर' म्हणतात, आणि सेटवर थाप मारली की आवाज येणे व पुन्हा जाणे हा जो सर्वपरिचित अनुभव आहे त्याच्या मुळाशी बहुधा तोच असतो. सांध्याभोवती हिरवट बुरा दिसला, तर कोणी भांडी झाळण्याचे तेजाब वापरले आहे असे समजावे. ते तेजाब वर्षानुवर्षे तार खात राहते. सुती वेष्टणाच्या तारांत एखादी प्लास्टिकची भडक तार दिसली, तर तिचा मागोवा घ्यावा. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असतील, तर स्क्रू अनेकदा फिरले आहेत. धुळीच्या थरात एखादी जागा कमी मळकी असेल, तर तेथे पूर्वी काहीतरी होते. पानशेतच्या पुरात, १२ जुलै १९६१ रोजी, नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरांचे सामान पाण्याखाली गेले होते. तेव्हा त्या पेठांतून आलेल्या पेटीच्या आतल्या लाकडावर पाण्याची आडवी रेघ आहे का, हेही पाहून ठेवलेले बरे, कारण भिजलेल्या कॉइलीची बारीक तार पुढे कैक वर्षे आतल्या आत गंजत राहते. सेटचा मूळ नकाशा मिळवावा, समोर असलेली जोडणी त्याच्याशी ताडून पाहावी, आणि जेथे तफावत आढळेल तेथे पेन्सिलीने खूण करावी. या कामात एक संध्याकाळ गेली तरी ती वाया गेली असे मानू नये.

एका सेटची हकीकत जरा विस्ताराने सांगतो, कारण अशा दुरुस्त्या एकीतून दुसरी कशी जन्माला येते ते तीत चांगले दिसते. धायरीतल्याच एका कुटुंबाचा तो सेट होता; तक्रार अशी, की लावल्यावर काही मिनिटे गोड वाजतो, मग आवाज फाटत जातो आणि पेटी तापते. पंचनाम्यात पुढील गोष्टी निघाल्या. आवाजाला बळ देणारा शेवटचा व्हॉल्व्ह, ईएल ८४, बाकीच्या व्हॉल्व्हच्या मानाने कितीतरी नवा होता. त्याच्या कॅथोडला सुमारे १५० ओहमचा रेझिस्टन्स असावयाचा, तेथे ३९०चा होता, आणि त्याखालची पट्टी करपलेली होती. स्पीकरजवळचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर दुसऱ्याच कंपनीचा, एकाच स्क्रूवर तोललेला. आणि आवाजाची धार बोथट करणारा कंडेन्सर मूळच्या कितीतरी पट मोठा, म्हणजे गाण्यातला कर्कशपणा दाबण्यासाठी कोणीतरी गाण्याचेच तोंड बांधले होते. चार दुरुस्त्या, बहुधा चार वेगवेगळ्या वर्षी, कदाचित चार वेगवेगळ्या हातांनी केलेल्या. आणि यांपैकी प्रत्येक दुरुस्तीचे कारण जो घटक तो मात्र आपल्या मूळ जागी, कारखान्याच्या मूळ सोल्डरसह, निर्वेधपणे बसलेला होता. तो म्हणजे मेणाच्या कागदाचा, ०.०१ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर.

या कंडेन्सरचे काम द्वारपालाचे. त्याच्या एका बाजूस सुमारे १५० व्होल्टचा स्थिर दाब, दुसऱ्या बाजूस शेवटच्या व्हॉल्व्हमधला प्रवाह आवरणारी जाळी. ध्वनीची थरथर त्याने पुढे जाऊ द्यावयाची आणि स्थिर दाब मात्र अडवावयाचा. कागद दमट झाला की त्यातून गळती सुरू होते. ही गळती एक कोटी ओहमच्या रोधाइतकी, म्हणजे सामान्य दृष्टीने नगण्य, धरली, तरी जाळीला जमिनीशी जोडणारा रोध साधारण सात लाख ओहमचा असल्यामुळे जाळीवर नऊ-दहा व्होल्टचा नको असलेला धन दाब येतो. आणि जी जाळी ऋण राहावयाची तीच धन बाजूस सरकल्यामुळे व्हॉल्व्ह आपल्या कुवतीबाहेर प्रवाह ओढू लागतो. पहिल्या मेकॅनिकने पाहिले : व्हॉल्व्ह बसला आहे. त्याने व्हॉल्व्ह बदलला. सेट काही महिने वाजला. दुसऱ्याने पाहिले : ट्रान्सफॉर्मर जळाला आहे. त्याने ट्रान्सफॉर्मर बदलला. तिसरा अधिक हुशार होता. व्हॉल्व्ह फार प्रवाह ओढतो हे त्याच्या ध्यानी आले, आणि मोठा रेझिस्टन्स घालून त्याने प्रवाहाला लगाम घातला, म्हणजे रोगाऐवजी त्याच्या लक्षणाला. चौथ्याने केवळ कर्कशपणा ऐकला आणि तोही केवळ झाकला.

तिसऱ्या माणसाविषयी माझ्या मनात राग नाही, आणि त्याचे कारणही सांगितले पाहिजे. त्याने कंडेन्सर तपासला नसेल असे मला वाटत नाही. त्याच्यापाशी हातातले साधे मीटर असणार. त्याच्या पोटातल्या बॅटरीच्या काही व्होल्टांवर हा कंडेन्सर निर्दोष दिसतो, काटा यत्किंचितही हलत नाही. गळती प्रकट होते ती दीडशे व्होल्टचा दाब पडल्यावर आणि चेसिस तापल्यावर. ती पकडण्याचा मार्ग असा, की सेट चालू असताना जाळीवरचा दाब फार उच्च रोधाच्या मीटरने मोजावा, किंवा कंडेन्सरचे एक टोक सोडवून पुन्हा मोजावे. तसे मीटर त्या काळी सामान्य दुकानात कोठून असणार? आज ते कोणाच्याही खिशाला परवडते. मी पॉलिएस्टरचा नवा कंडेन्सर बसविला, १५० ओहमचा रेझिस्टन्स परत आणला, आवाजाचे तोंड बांधणारा मोठा कंडेन्सर काढला, आणि परका ट्रान्सफॉर्मर मात्र नीट दोन स्क्रूंवर बसवून राहू दिला, कारण तो आपले काम चोख करीत होता. नव्या मालाचा खर्च एका वडापावाइतका.

याहून घातक जो फेरफार तो वीज एकदिश करणाऱ्या व्हॉल्व्हच्या जागी आढळतो. सिलिकॉनचे डायोड बाजारात आल्यावर, विशेषतः बीवाय १२७ हा आपल्याकडे जिकडेतिकडे मिळू लागल्यावर, महागडा व्हॉल्व्ह बदलण्याऐवजी त्याच्या बेसखाली स्वस्तात बसणारा हा तुकडा जोडण्याची पद्धत पडली. व्हॉल्व्ह सावकाश तापतो, त्यामुळे दाबही सावकाश चढतो. डायोड मात्र कळ दाबताच २३० व्होल्टच्या विजेतून सव्वातीनशे व्होल्टपर्यंतचा दाब थंड, अद्याप काहीच न ओढणाऱ्या सेटवर लोटतो, आणि म्हाताऱ्या कंडेन्सरांना तो धक्का रोज सोसावा लागतो. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या, एसी-डीसी म्हणविणाऱ्या सेटांत आणखी एक गुंता असतो. तेथे सर्व व्हॉल्व्हच्या तापणाऱ्या तारा एकामागे एक अशा ओळीने जोडलेल्या असतात : यूसीएच ८१ व यूबीएफ ८९ यांना प्रत्येकी १९ व्होल्ट, यूसीएल ८२ला ५०, यूवाय ८५ला ३८, आणि उरलेला शंभरएक व्होल्टचा दाब एका मोठ्या रेझिस्टन्सवर जिरविलेला. यूवाय ८५ काढून त्याच्या जागी नुसती तार जोडली, तर त्याच्या वाट्याचे ३८ व्होल्ट बाकीच्यांवर वाटले जातात आणि १०० मिलिअँपिअरच्या जागी १२०च्या आसपास प्रवाह वाहू लागतो. सेट पूर्वीपेक्षा अधिक जोमाने वाजतो, मालक खूश होतो, आणि तीनही व्हॉल्व्हचे आयुष्य भराभर खर्ची पडू लागते.

या एसी-डीसी सेटांविषयी एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगावयास हवी. त्यांची चेसिस थेट घरातल्या विजेशी जोडलेली असते; प्लग उलटा लागला की सारे लोखंड २३० व्होल्टवर जाते. म्हणूनच कारखान्याने कळांचे स्क्रू खोल खळग्यात घालून वर मेण भरलेले असते आणि पाठ पुठ्ठ्याने बंद केलेली असते. मूळची कळ हरवून तिच्या जागी नुसता लोखंडी दांडा उरलेला, पाठ नसलेला, आणि फ्यूजच्या ठिकाणी सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळलेला असा सेट मी पाहिला आहे. साधारण पन्नास वॉटचा सेट पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह घेतो. त्याच्या रक्षणास ठेवलेल्या बारीक तारेच्या जागी कितीतरी पट प्रवाह सोसणारे काहीतरी बसविणे ही दुरुस्ती नव्हे आणि टंचाईची सबबही तिला लागू नाही. पूर्वीच्या इतर सर्व फेरफारांना मी परिस्थितीची सवलत देण्यास तयार आहे, याला नाही. असा सेट माळ्यावरून खाली आला, तर त्याला हात लावण्यापूर्वी तो जाणत्यास दाखवावा, आणि जाणत्यानेही तो प्रथम विजेच्या दिव्याशी सिरीजमध्ये जोडूनच लावावा; आत कोठे वीज फुकट जात असेल तर दिवा लखकन पेटतो आणि सेट वाचतो.

आयएफटीच्या स्क्रूंविषयी थोडक्यात. ४५५ किलोहर्ट्झची ती मधली लहर ज्या डब्यांतून जाते ते आयएफटी, आणि त्यांवर कारखान्यात नेमके लावून मेणाने बंद केलेले स्क्रू असतात. स्वतः होऊन ते सहसा हलत नाहीत. परंतु काहीच सुचेनासे झाले की माणसाचा स्क्रूड्रायव्हर तेथे वळतो. मेण फुटलेले आणि आतला ठिसूळ गाभा तडकलेला दिसला, की कोण्या एका हताश दुपारचा इतिहास वाचावयास मिळतो. यावर सिग्नल जनरेटर लावून सारे पुन्हा जुळविणे हाच उपाय आहे, आणि तडकलेला गाभा न फुटता बाहेर आला तर नशीब.

तथापि जे वाईट दिसते ते सारे वाईटच असते असे समजून मूळ स्थितीचा आग्रह धरणे हाही एक अविचार होय. १९६०च्या दशकातल्या ट्रान्झिस्टर रेडिओंत एएफ ११४ ते एएफ ११७ या जातीचे, लहानशा धातूच्या डबीत बसविलेले ट्रान्झिस्टर असत. त्यांना चार तारा, त्यांतली एक नुसती डबीला जोडलेली. पुष्कळ सेटांत ही चौथी तार मुळाशी छाटलेली आढळते. मला प्रथम तो हलगर्जीपणाच वाटला असता, परंतु वस्तुतः तो एक अभिजात उपाय आहे. डबीच्या आतल्या कथिलातून वर्षानुवर्षे केसाहूनही बारीक तंतू उगवतात आणि ट्रान्झिस्टरच्या टोकांना जाऊन भिडतात. चौथी तार कापली की तो स्पर्श निरुपद्रवी होतो आणि मेलेला रेडिओ पुन्हा बोलू लागतो. नकाशाशी ताडून पाहणारा कोणी अतिउत्साही माणूस ती तार पुन्हा जोडील, तर सेट तत्काळ गप्प होईल. छाटणाऱ्याने आतले कारण जाणून ते केले असो वा अनुभवावरून, त्याचे कसब मान्य केलेच पाहिजे.

मग किती उलगडावे आणि किती राहू द्यावे? प्राचीन वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिस येथे जी सनद तयार झाली तिच्यात असा दंडक आहे, की नवा भाग जुन्याशी सुसंगत असावा, तरी तो नवा म्हणून ओळखता यावा. रेडिओवाल्यांत याच प्रश्नावर वाद आहे. काही जण जुन्या कंडेन्सरची मेणाची नळी पोखरून तीत नवा कंडेन्सर भरतात आणि टोके पुन्हा मेणाने बंद करतात. पाहणाऱ्याला चेसिस कारखान्यातून आल्यासारखी दिसते. दुसऱ्या पक्षाला ही मखलाशी वाटते. मी पहिल्या पक्षाचे काम करतो आणि दुसऱ्या पक्षाची अट पाळतो : नळीच्या आत तारीख लिहितो, आणि पाठीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस काय काढले, काय बसविले, कोणता परका भाग जाणूनबुजून राहू दिला, याची यादी चिकटवितो. काढलेले भाग पिशवीत घालून मालकाच्या हवाली करतो. ते सांभाळले जातात असे म्हणण्याचे धाडस माझ्याने होत नाही.

सारे जुळून आल्यावरही धायरीत एक अडचण उरते. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इमारतीच्या लिफ्टची यंत्रणा मध्यम लहरींवर अशी काही खरखर पसरवितात, की ७९२ वरचे निवेदन तिच्यातून वेचून काढावे लागते. गच्चीवर वीस-पंचवीस फुटांची तार ताणली, तर दिवस चांगला असताना ते स्वच्छ येते. एवढा खटाटोप सर्वांना नको असतो. अलीकडे पुष्कळ जण सेट आणतात तेच अशी विनंती करीत, की आतले सारे काढून टाका आणि पेटीत ब्लूटूथचा स्पीकर बसवून द्या, म्हणजे मोबाइलवरची गाणी आजोबांच्या रेडिओतून वाजतील. माझ्या लेखी या सेटांवर होणारा हा सर्वांत नवा आणि सर्वांत वाईट फेरफार आहे, आणि पूर्वीच्या मेकॅनिकांपाशी निदान टंचाईची सबब होती. तरी मी नाही म्हणत नाही, कारण मी नाही म्हटले तर पुढच्या गल्लीतला कोणी हो म्हणतो आणि चेसिस त्याच दिवशी भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. मी दोनच गोष्टी मागून घेतो. पेटीला नवे छिद्र पाडावयाचे नाही, आणि चेसिस व्हॉल्व्हसकट कागदात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवावयाची. जागा असते; ब्लूटूथचे यंत्र मुठीएवढेच असते. बहुतेक जण ही अट मान्य करतात. एका बाईंनी मात्र अट ऐकून विचारले, की चेसिस आतच राहणार असेल तर तीच का चालू करीत नाही, आणि त्यांच्या मुलाला त्यावर काही उत्तर सुचले नाही.